शरीराची कात्री आणि तिच्यावरील अंकुश



कामगार संघटनेच्या कामात आयुष्य घालवलेल्या माणसाने पेशींच्या केंद्रकातील कारभारावर व्याख्यान द्यावे, याचे पुष्कळांना नवल वाटेल. आम्ही शास्त्रज्ञ नाही. जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात बसून शिकलो. परंतु ज्या एका प्रश्नाशी आम्हांला जन्मभर झगडावे लागले, तोच प्रश्न या विषयाच्या मुळाशी असल्याचे आम्हांला आढळले, आणि म्हणून हे धाडस केले. तो प्रश्न असा : हत्यार धोक्याचे आहे आणि त्याच्यावाचून काम तर चालत नाही, मग ते कोणत्या वेळी, कोणत्या जागी आणि कोणाच्या हुकमाने चालावे? कारखान्यात हा प्रश्न यंत्रावरच्या जाळीचा आणि पाळीच्या नियमांचा असतो. आपल्या छातीच्या पिंजऱ्यात, हृदयाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका लहानशा ग्रंथीत हाच प्रश्न जन्मापूर्वीपासून सोडवला जात असतो. तेथे ज्या हत्याराने काम चालते, ते आपल्या आनुवंशिक सूत्रालाच कापते. ते हत्यार नसेल तर मूल साध्या सर्दीनेही दगावू शकते. आणि ते मोकाट सुटले तर रक्ताचा कर्करोग होतो. या हत्याराचा आणि त्याच्यावरील अंकुशाचा शोध कसा लागला, हा आजचा विषय आहे.

१. लस आधी, कारण मागाहून

मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला गोस्तन देवीची लस टोचण्यात आली. हिंदुस्थानात ही लस यशस्वीपणे घेणारी ती पहिली व्यक्ती. पुढे १८९६ साली याच शहरात प्लेग आला. ओडेसा येथे जन्मलेल्या वाल्डेमार हाफकीन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. हाफकीन वैद्यकाचे पदवीधर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. तीच पुढे १९२५ साली हाफकीन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाऊ लागली.

या दोन्ही लसींनी असंख्य जीव वाचवले. परंतु लस टोचल्यावर शरीरात नेमके काय घडते, हे टोचणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. मानवी इतिहासात पुष्कळदा असे झाले आहे. हाताला गुण आधी आला आणि बुद्धीला कारण मागाहून कळले.

कारणाचा पहिला मोठा विचार जर्मनीतील पाउल एर्लिख यांनी १८९७ साली मांडला. पेशीच्या अंगावर नाना आकारांचे ग्राही असतात, शत्रूचे विष त्यांपैकी एखाद्याला चपखल बसते, आणि मग पेशी तेच ग्राही मोठ्या संख्येने बनवून रक्तात सोडते, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे शत्रू येण्यापूर्वीच शस्त्र तयार असते. परंतु लवकरच एक अडचण उभी राहिली. कार्ल लँडस्टायनर यांनी दाखवून दिले की, प्रयोगशाळेत नव्याने बनवलेल्या रसायनांविरुद्धही शरीर प्रतिपिंडे तयार करते. ज्या पदार्थाशी कोणाही पूर्वजाची गाठ पडलेली नाही, त्याच्यासाठीही शस्त्र आधीच तयार असेल, हे विद्वानांना पटेना. म्हणून १९४० साली लायनस पाउलिंग यांनी उलटा विचार मांडला : शत्रूच्या रेणूभोवती प्रथिन गुंडाळले जाते व त्याचा आकार घेते. शत्रू हाच साचा!

हा विचार सोपा होता, आकर्षक होता, आणि चुकीचा होता. १९५५ साली नील्स येर्ने यांनी एर्लिख यांच्या दिशेने पुन्हा पाऊल टाकले आणि १९५७ साली ऑस्ट्रेलियातील फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी त्याला पक्के रूप दिले. प्रत्येक लसीका-पेशीवर एकाच जातीचा ग्राही असतो व तो आधीच ठरलेला असतो. शत्रू फक्त त्यातली जुळणारी पेशी निवडतो, आणि निवडलेली पेशी आपली संतती वाढवते. १९५८ साली गुस्ताव नॉसल व जोशुआ लेडरबर्ग यांनी एकेक पेशी वेगळी करून पाहिली. एक पेशी एकाच प्रकारचे प्रतिपिंड बनवते, असे त्यांना दिसले. शत्रू साचा नाही. तो निवड करणारा आहे, हे ठरले.

२. निरुपयोगी मानलेली ग्रंथी

आता त्या ग्रंथीकडे वळू. आपल्या मराठी पुस्तकांत तिला यौवनलोपी ग्रंथी म्हणतात; इंग्रजीत थायमस. बालपणी ती मोठी असते आणि वयात आल्यावर झडू लागते. तिच्यात असंख्य पेशी मरताना दिसतात. त्यामुळे ती म्हणजे पेशींचे स्मशान, असा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात समज होता. एवढ्यावर भागले नाही. ही ग्रंथी मोठी असेल तर मूल गुदमरून अचानक मरते, अशी कल्पना डॉक्टरांत रूढ झाली, आणि धडधाकट मुलांच्या ग्रंथीवर क्ष-किरण सोडण्यात आले. पुढे त्यांपैकी काहींना कंठग्रंथीचा कर्करोग झाला. एखाद्याचे काम आपल्याला दिसत नाही म्हणून तो बिनकामाचा, असे ठरवणारे फक्त कचेऱ्यांतच असतात असे नाही.

१९६१ साली हा समज मोडला. लंडनच्या चेस्टर बीटी संशोधन संस्थेत झाक मिलर नावाचे तरुण डॉक्टर उंदरांतील रक्ताच्या कर्करोगाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ही ग्रंथी काढली. मोठ्या उंदरांची ग्रंथी काढली तर फारसे काही बिघडत नसे. पण ही पिल्ले काही आठवड्यांनी खंगू लागली व जंतुसंसर्गाने मरू लागली. त्यांच्या रक्तात लसीका-पेशी फार थोड्या होत्या. दुसऱ्या उंदराच्या कातडीचा तुकडा त्यांच्या अंगावर लावला तर तो निमूटपणे रुजला. परक्याला परके म्हणून ओळखण्याची शक्तीच त्यांच्यात नव्हती. पुढे १९६८ साली मिलर व त्यांचे सहकारी ग्रॅहॅम मिचेल यांनी दाखवले की, लसीका-पेशींच्या दोन जाती आहेत. एक अस्थिमज्जेत वाढते व प्रतिपिंडे बनवते. तिला आज बी-पेशी म्हणतात. दुसरी या ग्रंथीत शिकून तयार होते, ती टी-पेशी. टी-पेशी विषाणूने पछाडलेली पेशी ओळखून मारते आणि बी-पेशींनाही कामाला लावते. स्मशान म्हणून हिणवलेली जागा खरे पाहता शाळा होती. तेथे मरणाऱ्या पेशी म्हणजे परीक्षेत नापास झालेले उमेदवार होते, आणि ती परीक्षा इतकी कडक की शंभरांत पाचही पुढे जात नाहीत.

३. थोडी जनुके, अगणित ग्राही

बर्नेट यांचा सिद्धांत मान्य केला की लगेच हिशेबाचा प्रश्न येतो. प्रत्येक प्रथिनामागे एक जनुक लागते. माणसात प्रथिनांची जनुके सुमारे २०,०००. आणि ग्राही? एका माणसाच्या रक्तातील टी-पेशींत ग्राहीच्या नुसत्या बीटा साखळीचे दहा लाखांच्या आसपास वेगवेगळे प्रकार असल्याचे १९९९ साली मोजले गेले; दोन्ही साखळ्या मिळून ही संख्या कोटींत जाते. वीस हजारांच्या तिजोरीतून कोट्यवधींचा खर्च कसा भागवायचा?

१९६५ साली विल्यम ड्रायर व क्लॉड बेनेट यांनी एक बंडखोर कल्पना मांडली. प्रतिपिंडाच्या एका साखळीसाठी एक जनुक नसून दोन तुकडे असावेत, आणि पेशी ते जोडून घेत असावी. त्या काळी आनुवंशिक सूत्र म्हणजे अपरिवर्तनीय धर्मग्रंथ मानले जाई. शरीरातील प्रत्येक पेशीत तोच ग्रंथ, अक्षरशः तोच. पेशी त्याची पाने फाडून नव्याने चिकटवते, हे कोण ऐकणार?

ते सिद्ध केले एका अशा माणसाने, ज्याला राहण्याच्या परवान्याची मुदत संपत आली म्हणून देश सोडावा लागला. सुसुमु तोनेगावा यांचा जन्म जपानात नागोया येथे १९३९ साली झाला. अमेरिकेत शिक्षण घेऊन ते तेथेच काम करीत होते. परवाना संपू लागला तेव्हा त्यांनी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे नव्यानेच निघालेल्या संस्थेत नोकरी पत्करली. प्रतिकारशक्तीचे शास्त्र हा त्यांचा मूळ विषय नव्हता. १९७६ साली त्यांनी आणि नोबुमिची होझुमी यांनी एक साधा पण निर्णायक प्रयोग प्रसिद्ध केला. एका बाजूला उंदराच्या गर्भाचा डीएनए. दुसऱ्या बाजूला प्रतिपिंड बनवणाऱ्या अर्बुदाच्या पेशींचा डीएनए. दोन्ही एकाच रासायनिक कात्रीने कापले व तुकडे लांबीनुसार वेगळे केले. प्रतिपिंडाच्या साखळीचे दोन भाग गर्भात दोन निरनिराळ्या तुकड्यांवर सापडले, आणि प्रौढ पेशीत एकाच तुकड्यावर. याचा अर्थ उघड होता. गर्भापासून प्रौढ पेशीपर्यंतच्या वाटेवर कोणीतरी सूत्र कापले होते, मधला भाग गाळला होता आणि टोके जोडली होती. तोनेगावांना १९८७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. होझुमींचे नाव आज किती जणांना ठाऊक आहे? पारितोषिकाच्या मानपत्रात मदतनीसांची हजेरी लागत नाही, हा प्रकार आमच्या परिचयाचा आहे.

४. टी-पेशीचा ग्राही

प्रतिपिंड रक्तात मुबलक सापडते, म्हणून त्याचा अभ्यास सोपा. टी-पेशीचा ग्राही पेशीच्या अंगाला चिकटून राहतो, आणि तोही अल्प प्रमाणात. १९८२ व १९८३ या दोन वर्षांत अनेक प्रयोगशाळांनी त्याचे प्रथिन हुडकले. पण जनुक हाती येईना. अमेरिकेत मार्क डेव्हिस व स्टीफन हेड्रिक यांनी वजाबाकीची युक्ती लढवली. टी-पेशी आणि बी-पेशी यांच्यात जे संदेश समान आहेत ते सारे वगळायचे. जे फक्त टी-पेशीत उरतील त्यांतच ग्राहीचा संदेश असला पाहिजे. मग त्या उरलेल्यांपैकी कोणत्या संदेशाचे जनुक टी-पेशीत कापून जोडलेले आहे, ते पाहायचे. १९८४ च्या मार्च महिन्यात त्यांचे उंदरावरील आणि टोरांटोच्या टाक माक यांचे माणसावरील संशोधन एकाच नियतकालिकात एकाच वेळी प्रसिद्ध झाले. ती ग्राहीची बीटा साखळी होती. अल्फा साखळी त्याच वर्षी सापडली.

आता चित्र स्पष्ट झाले. माणसाच्या सातव्या गुणसूत्रावर बीटा साखळीचे तुकडे ओळीने मांडलेले असतात. व्ही नावाचे सुमारे ५० उपयुक्त तुकडे, डी नावाचे २ आणि जे नावाचे १३. प्रत्येक जातीतून एकेक घ्यायचा आणि जोडायचा. अल्फा साखळी चौदाव्या गुणसूत्रावर. तेथे डी नाही, पण जे तुकडे सुमारे ६०. शिवाय सांध्यावर एक एंझाइम आपल्या मनाने काही अक्षरे घुसडते, ती कोणत्याही ग्रंथात लिहिलेली नसतात. तुकडे थोडे, सांधे अनेक, आणि सांध्यावर नवी अक्षरे. वीस हजारांच्या तिजोरीतून कोट्यवधींचा खर्च भागतो तो असा.

५. कात्री सापडली

कापणारा कोण? मॅसॅच्युसेट्समधील व्हाइटहेड संस्थेत डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेत डेव्हिड शाट्झ आणि मार्जोरी ऑटिंजर हे विद्यार्थी होते. त्यांनी उंदराच्या साध्या तंतुपेशी घेतल्या. या पेशी ग्राही जोडण्याचे काम कधीच करीत नाहीत. त्यांच्यात परक्या डीएनएचे तुकडे घालून, कोणता तुकडा आला की जोडणी सुरू होते, हे ते पाहत राहिले. १९८९ साली रॅग-१ हे जनुक मिळाले, १९९० साली त्याच्या शेजारीच रॅग-२. एकटे एकही काम करीत नाही; दोन्ही एकत्र आली की तंतुपेशीदेखील जोडणी करू लागते. १९९२ साली ही जनुके काढून टाकलेले उंदीर तयार झाले. त्यांच्यात एकही परिपक्व टी-पेशी नव्हती, एकही बी-पेशी नव्हती.

ही कात्री आंधळेपणाने कापत नाही. प्रत्येक तुकड्याच्या कडेला एक खूण असते : सात अक्षरे, मग मोकळी जागा, मग नऊ अक्षरे. मोकळी जागा कुठे १२ अक्षरांची, कुठे २३ अक्षरांची. बारावाल्याची जोडी तेविसावाल्याशीच जमते. बाराची बाराशी नाही. त्यामुळे चुकीच्या जोड्या बऱ्याच प्रमाणात टळतात. कापणे झाले की पेशीचे नेहमीचे दुरुस्ती खाते येते आणि टोके सांधते.

ही कात्री आली कोठून, याचेही उत्तर विलक्षण आहे. १९९८ साली दोन प्रयोगशाळांनी दाखवले की, रॅग प्रथिने डीएनएचा तुकडा एका जागेवरून काढून दुसरीकडे घुसवू शकतात. उड्या मारणारी, परोपजीवी जनुके हेच करतात. २०१६ साली लॅन्सलेट नावाच्या समुद्री प्राण्यात रॅगचा असा उडी मारणारा पूर्वज जिवंत सापडला. कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या सूत्रात शिरलेल्या एका उपऱ्या भामट्याला पेशीने कामाला जुंपले, आणि त्याच्यावर आपल्या सर्वांच्या आरोग्याचा भार टाकला!

६. कुलपाची किल्ली कोणाकडे?

येथपर्यंतचा इतिहास पुष्कळ पुस्तकांत आढळतो. खरी गोष्ट यापुढे आहे. टी-पेशीत आणि बी-पेशीत कात्री एकच. खुणाही त्याच. असे असताना टी-पेशी टी-ग्राहीची जनुके कापते आणि प्रतिपिंडांची जोडणी पुरी करीत नाही. बी-पेशी प्रतिपिंडांची जोडते आणि टी-ग्राहीला सोडून देते. हे कसे? शिवाय टी-पेशीत क्रमही ठरलेला. आधी बीटा, मागाहून अल्फा. बीटामध्येही आधी डी आणि जे यांची जोडणी, मग त्याला व्ही. कात्रीला घड्याळ नाही, कात्रीला विवेक नाही. मग हा कार्यक्रम आखतो कोण?

उत्तराचा धागा न्यूयॉर्कमध्ये फ्रेडरिक आल्ट व त्यांचे सहकारी जॉर्ज यान्कोपोलोस यांना मिळाला. १९८५ साली त्यांच्या लक्षात आले की, ज्या व्ही तुकड्यांची जोडणी व्हायची आहे, त्यांचे वाचन जोडणीच्या आधीच सुरू होते. अर्धवट जनुकाच्या वाचनातून उपयोगी प्रथिन निघत नाही. मग पेशी ते वाचते कशासाठी? त्यांनी अनुमान काढले की, वाचन ही दार उघडल्याची खूण आहे. जेथे दार उघडे, तेथेच कात्री पोहोचते. १९८६ साली त्यांनी टी-ग्राहीचे तुकडे मोकळ्या डीएनएच्या रूपात बी-पेशीच्या पूर्वजात घातले. आश्चर्य असे की ते तेथे जोडले गेले! त्या पेशीचे स्वतःचे तसेच तुकडे मात्र जागच्या जागी बंद होते. म्हणजे कात्री भेदभाव करीत नाही. भेद आहे तो कुलपात.

कुलूप म्हणजे काय, हे थोडे समजून घेऊ. माणसाच्या एका पेशीतील डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो, आणि तो ज्या केंद्रकात बसतो ते डोळ्यांना दिसतही नाही. हा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या असंख्य रिळांवर गुंडाळलेला असतो. गिरणीतील माणसाला हे सांगायला नको की, रिळावर घट्ट गुंडाळलेल्या सुताचा मधला भाग कोणाच्या हाती लागत नाही. तो सैल करावा लागतो. १९९६ साली मार्क श्लिसेल यांच्या प्रयोगशाळेने हे प्रत्यक्ष दाखवले. त्यांनी निरनिराळ्या पेशींची केंद्रके वेगळी काढली व त्यांच्यावर बाहेरून कात्री घातली. टी-पेशीच्या केंद्रकात ती टी-ग्राहीच्या जागी कापू लागली, बी-पेशीच्या केंद्रकात प्रतिपिंडाच्या जागी. हुकूम कात्रीत नव्हता. तो गुंडाळीत होता.

गुंडाळी सैल कोण करतो? जनुकांच्या आसपास डीएनएचे काही लहान पट्टे असतात, त्यांना वर्धक म्हणू. नियामक प्रथिने येऊन त्यांच्यावर बसतात आणि दूरवरचे सूत सैल करायला लावतात. बीटा साखळीच्या जनुकांच्या टोकाला असा एक वर्धक आहे. १९९६ साली दोन गटांनी उंदरांतून नेमका तेवढाच पट्टा काढून टाकला. तुकडे सारे शाबूत, कात्री शाबूत, खुणा शाबूत. तरी बीटाची जोडणी बंद पडली. पुढच्या वर्षी अल्फाचा वर्धक काढला, तर अल्फाची जोडणी ढासळली. २००६ साली मायकेल क्रॅंगेल यांच्या प्रयोगशाळेने याहून नाजूक परीक्षा घेतली. अल्फाच्या जे तुकड्यांवरून जे वाचन चालते, त्याच्या वाटेत थांबण्याची खूण बसवली. त्या खुणेच्या पलीकडे वाचन थांबले, आणि लगतच्या तुकड्यांची जोडणीही थांबली. एकवीस वर्षांपूर्वीचे अनुमान खरे ठरले. वाचन ही नुसती उघड्या दाराची खूण नाही. दार उघडण्यात त्याचाही हात असतो.

२००७ साली आणखी एक दुवा जुळला. जेथे वाचन चालते, तेथील हिस्टोनांवर एक रासायनिक शिक्का बसतो. रॅग-२ प्रथिनाला एक असा पंजा आहे, जो नेमका हा शिक्का चाचपून ओळखतो. म्हणजे कात्री स्वतःच प्रवेशपत्र तपासून मग आत जाते. २०१० साली शाट्झ यांच्या प्रयोगशाळेने पाहिले की, रॅग प्रथिने प्रत्येक जनुकसमूहात जे तुकड्यांच्या लहानशा उघड्या प्रदेशात गोळा होतात व तेथे ठाण मांडतात. दूरचे व्ही तुकडे सूत्राला वळसे पडून तेथपर्यंत आणले जातात. या वळशांत कोहेसिन नावाचे प्रथिन काम करते. २०११ साली उंदराच्या विकसित होणाऱ्या टी-पेशींतून ते काढल्यावर अल्फाची जोडणी बिघडली.

आता सारा क्रम एका दृष्टिक्षेपात पाहू. अस्थिमज्जेतून आलेली अननुभवी पेशी यौवनलोपी ग्रंथीत शिरते. ग्रंथीच्या भिंतीकडून तिला नॉच नावाच्या ग्राहीमार्फत आदेश मिळतो. १९९९ साली उंदरांत नॉच बंद केला, तेव्हा त्या ग्रंथीत टी-पेशींऐवजी बी-पेशी वाढू लागल्या. इतका तो आदेश निर्णायक. आदेश मिळाल्यावर बीटाचे दार उघडते. डी आणि जे जुळतात, मग व्ही. सांध्यावर अक्षरांची घालमेल झाल्यामुळे पुष्कळ जोडण्या निकामी निघतात. ज्या पेशीत बीटा साखळी नीट तयार झाली, तिच्यात ती एका तात्पुरत्या जोडीदाराबरोबर पेशीच्या अंगावर येते. हा जोडीदार १९९४ साली ओळखला गेला. तेथून आत संदेश जातो : एक साखळी जमली, आता दुसऱ्या गुणसूत्रावरची जोडणी नको. १९८८ साली तयार बीटा जनुक उंदरांना आधीच देऊन पाहिले, तेव्हा त्यांनी स्वतःचे जोडण्याचे काम थांबवले. एका पेशीवर एकच ग्राही, हा बर्नेट यांचा नियम असा पाळला जातो.

मग कात्री बाजूला ठेवली जाते आणि पेशी झपाट्याने विभागू लागते. हा क्रम लक्षात घ्या. विभागणीच्या वेळी डीएनएची नक्कल होत असते. त्याच वेळी कापाकापी झाली तर अनर्थ होईल. म्हणून विभागणी सुरू होताच रॅग-२ प्रथिन मोडीत काढले जाते. वाढ पुरी झाली की कात्री पुन्हा बाहेर येते, आणि आता अल्फाचे दार उघडते. येथे एक सवलत आहे. पहिली अल्फा जोडणी बीटाशी जमली नाही, किंवा तयार झालेला ग्राही परीक्षेत कामाचा ठरला नाही, तर पेशी आणखी पुढचा जे तुकडा घेऊन पुन्हा प्रयत्न करते. परंतु त्याला मुदत आहे. २००२ साली दिसून आले की, पेशीचे आयुष्य या टप्प्यावर जितके लांबेल तितके दूरचे जे तुकडे वापरले जातात, आणि आयुष्य अपुरे पडले तर जवळच्याच तुकड्यांवर भागवावे लागते. हे आयुष्य लांबवणारेही एक नियामक प्रथिनच आहे. माणसाला पुन्हा संधी द्यायची, पण ती अनंतकाळ नव्हे, हा व्यवहार निसर्गालाही सुचलेला दिसतो.

७. अंकुश सुटतो तेव्हा

एवढी खबरदारी असूनही चुका होतात. टी-पेशींच्या रक्तकर्करोगात पुष्कळदा असे आढळते की, सातव्या किंवा चौदाव्या गुणसूत्रावर ग्राहीच्या जागी कापलेले टोक भलत्याच गुणसूत्राला जोडले गेले. त्यामुळे ग्राहीच्या जनुकाचा जोरकस वर्धक वाढीच्या एखाद्या जनुकाशेजारी येऊन बसतो आणि ते जनुक रात्रंदिवस जागे राहते. जो अंकुश शिस्तीसाठी होता, तोच चुकीच्या जागी पडला की बेशिस्तीचे कारण होतो.

दुसरी बाजू अशी की, काही बालके निकामी कात्री घेऊनच जन्मतात. १९९६ साली रॅग जनुकांतील बिघाड हे बालकांच्या तीव्र प्रतिकारहीनतेचे कारण म्हणून सिद्ध झाले. काहींत टोके सांधणाऱ्या खात्यात बिघाड असतो. आर्टेमिस नावाच्या अशा जनुकाचा दोष अमेरिकेतील नावाहो व अपाची या आदिवासींत विशेष आढळतो. अशी बालके जन्मतः गोंडस व निरोगी दिसतात. काही महिन्यांत आईकडून मिळालेल्या प्रतिपिंडांची शिदोरी संपते, आणि एकामागून एक जंतू त्यांना ग्रासतात. दुसऱ्याची अस्थिमज्जा दिली तर ती वाचू शकतात. अमेरिकेतील अनुभव २०१४ साली प्रसिद्ध झाला : साडेतीन महिन्यांच्या आत हा उपाय झालेल्या बालकांपैकी शंभरांत ९४ पाच वर्षांनंतर जिवंत होती. म्हणजे प्रश्न वेळेवर कळण्याचा आहे.

आणि येथेच आजच्या विषयाचा प्रत्यक्ष उपयोग समोर येतो. अल्फाच्या जोडणीत मधला गाळलेला भाग वाया जातो. त्याची टोके जुळून डीएनएचे एक लहान कडे बनते आणि ते टी-पेशीत तसेच पडून राहते. कारखान्यातील कातरणीसारखाच हा टाकाऊ माल. पण कातरण पडली आहे, याचा अर्थ यंत्र चालू आहे! नवजात बालकाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या वाळक्या थेंबात ही कडी मोजली की, त्याच्या ग्रंथीत टी-पेशी तयार होत आहेत की नाहीत हे कळते. ही युक्ती २००५ साली मांडली गेली. २००८ साली विस्कॉन्सिन राज्याने सर्व नवजात बालकांसाठी ती सुरू केली. २०१८ अखेर अमेरिकेच्या सर्व राज्यांत ती लागू झाली. तेथील तपासणीत सुमारे ५८,००० बालकांमागे एक बालक या व्याधीचे आढळले.

आपल्याकडे परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात रोगप्रतिकार व रक्तविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे. तेथे अशा मुलांचे निदान होते. परंतु प्रत्येक नवजात बालकाची ही तपासणी करण्याचा सार्वत्रिक कार्यक्रम भारतात नाही. आपल्या देशात जन्मतःच क्षयाची जिवंत बीसीजी लस टोचतात. लाखो मुलांना ती तारते, आणि ती टोचलीच पाहिजे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण ज्या विरळा बालकाला टी-पेशीच नाहीत, त्याच्या अंगात ती लसही पसरू शकते. अशा घरात आधी एखादे मूल अकारण दगावले असेल, तर पुढच्या बाळंतपणाच्या वेळी ते डॉक्टरांना जरूर सांगावे.

श्रोतेहो, एका थेंबातली ही तपासणी कोणा एकाची देणगी नाही. खंगलेल्या उंदरांकडे नीट पाहणारा डॉक्टर, परवाना संपल्यामुळे देश बदलणारा संशोधक, पारितोषिकाच्या यादीत नसलेले विद्यार्थी आणि काचा धुणारे हात, या सर्वांची ती मजुरी आहे. ते फळ एका देशातील बालकाला जन्माच्या पहिल्या दिवसात मिळावे आणि दुसऱ्या देशातील बालकाला आजार बळावल्यावर, हा निसर्गाचा नियम नव्हे. ती माणसांनी केलेली वाटणी आहे. विज्ञानाने कुलपाची किल्ली शोधून दिली. दार सर्वांसाठी उघडायचे काम मात्र प्रयोगशाळेत होत नाही. ते नगरपालिकांत, विधिमंडळांत आणि तुमच्याआमच्यासारख्यांच्या मागणीतून होते. ती मागणी तुम्ही कराल, अशा आशेने आम्ही आपली रजा घेतो.